फोरहँडला जोर नको, वेळ द्या

आजचा भाग टेनिसच्या फोरहँडवर आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा कोर्टवर उभं राहून मधलाच एखादा मुद्दा पटकन शोधायचाय, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलले तसंच लिहिलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे ना' काढून टाकलेत.

आधी सांगते, हा भाग कोणासाठी आहे. तुम्ही सहा महिने, वर्ष, दोन वर्षं खेळताय. नियम माहिती आहेत, रॅली थोडीफार होते. आठवड्यातून एक-दोनदा कोर्ट मिळतं, तेही तासाचे पैसे भरून आणि चार जणांत वाटून. आणि तुमचा फोरहँड एका दिवशी झकास लागतो, दुसऱ्या दिवशी तोच फटका एकतर जाळीत नाहीतर थेट मागच्या कुंपणावर. मग तुम्ही ठरवता की ताकद कमी पडतेय. जिमला जाता, ग्रिप आणखी घट्ट धरता, आणखी जोरात मारता. चेंडू आणखी बाहेर जातो, आणि महिनाभरात कोपर दुखायला लागतं. इथेच बरेच जण रॅकेट कपाटावर टाकून देतात. 'आपल्यात ते टॅलेंटच नाही' म्हणतात आणि परत बॉक्स क्रिकेटला जातात.

माझं म्हणणं असं आहे, की यातल्या बहुतेकांचा हात ठीक असतो. त्यांना उशीर होत असतो. चूक दिसते ती चेंडू रॅकेटला लागताना, पण ती जन्माला आलेली असते त्याच्या जवळजवळ एक सेकंद आधी. आज तो एक सेकंद आपण उलगडून बघू. मी उजव्या हाताच्या हिशोबानं बोलणार आहे, डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून घ्या.

सव्वा सेकंदाचा हिशोब

टेनिस कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. समोरच्यानं त्याच्या बेसलाइनवरून मारलेला चेंडू वाटेत सरासरी ताशी ७० किलोमीटरनं आला असं धरू. आपल्या पातळीवर हा बऱ्यापैकी वेग झाला. ताशी ७० म्हणजे सेकंदाला साधारण १९ मीटर. म्हणजे चेंडू तुमच्यापर्यंत यायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो.

सव्वा सेकंद ऐकायला कमी वाटतो, पण फोरहँडला तो पुरतो. अट एकच: तो पूर्ण वापरायचा. नवा खेळाडू काय करतो? चेंडू जाळीवरून येताना नुसता बघत उभा राहतो. आपल्या बाजूला टप्पा पडला की मग जागा होतो आणि रॅकेट मागे नेतो. आता टप्पा समजा सर्व्हिस लाइनजवळ पडला. तिथून बेसलाइन साडेपाच मीटरवर. टप्प्यानंतर चेंडूचा वेग कमी होतो, तरी हे अंतर तो अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. म्हणजे वळणं, रॅकेट मागे नेणं, पाय लावणं, रॅकेट पुढे आणणं, ही सगळी कामं तुम्ही अर्ध्या सेकंदात कोंबताय. आधीचा पाऊण सेकंद फुकट गेलेला असतो.

मग शरीर जुगाड करतं. चेंडू पोटाच्या पुढे लागायला हवा होता, तो कंबरेच्या बाजूला किंवा मागे लागतो. तिथे कोपर अंगाला चिकटतं, खांदा काम करू शकत नाही, उरतं फक्त मनगट. मनगटानं झटका दिला आणि रॅकेटचं तोंड आकाशाकडे राहिलं, की चेंडू कुंपणावर. ते टाळायला मनगट जास्त दाबलं, की चेंडू जाळीत. एकाच उशिराचे हे दोन चेहरे आहेत. म्हणून 'कधी नेटमध्ये जातो, कधी बाहेर, कळतच नाही' असं होतं.

ही सवय येते कुठून?

आपल्याकडे टेनिस बॉलशी पहिली ओळख बहुतेकांची गल्ली क्रिकेटमध्ये होते, आणि रॅकेटशी पहिली ओळख सोसायटीतल्या बॅडमिंटनमध्ये. दोन्ही खेळ छानच. पण दोन्हीकडून एकेक सवय सोबत येते.

बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमपेक्षाही हलकी आणि शटल जेमतेम पाच ग्रॅमचं. तिथे मनगटाचा झटका हेच खरं हत्यार. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो आणि रॅकेट साधारण ३०० ग्रॅमची. शटलच्या दहापटीहून जड वस्तू वेगानं अंगावर येतेय आणि आपण तिला मनगटाच्या भरवशावर परतवतोय. दहा चेंडू जमेल. तासभर नाही जमणार.

क्रिकेटमधून येतो तो पुल शॉट. टप्प्याची वाट बघायची आणि मग आडवी बॅट फिरवायची. क्रिकेटमध्ये तो बाउंड्रीपार गेला की टाळ्या. टेनिसमध्ये बाउंड्रीपार म्हणजे पॉइंट समोरच्याला. शिवाय पुल शॉट मारताना बॅट दोन्ही हातांत असते. इथे एकच हात. डाव्या हाताचं काय करायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून तो बाजूला लोंबत राहतो. या डाव्या हाताकडे आपण दोन मिनिटांत येऊच.

पहिली गोष्ट: छोटी उडी

समोरच्याची रॅकेट चेंडूला लागत असताना तुम्ही जागच्या जागी एक छोटी उडी घ्यायची. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे जरा वाकलेले, वजन पंजांवर. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. उडी म्हणजे दोरीउड्या नव्हेत, टाचा जमिनीवरून सुटल्या तरी पुष्कळ.

तिचा उपयोग काय? माणसाच्या डोळ्यानं पाहून शरीर हलायला साधारण एक पंचमांश सेकंद जातो. तेवढ्या वेळात चेंडू डावीकडे येतोय की उजवीकडे हे कळतं. त्याच क्षणी तुमचे पाय जमिनीवर टेकत असतील, तर वाकलेले गुडघे स्प्रिंगसारखे तुम्हाला त्या दिशेला ढकलतात. सरळ गुडघ्यांनी उभं असलेल्याला आधी वाकावं लागतं, मग निघावं लागतं.

दुसरी गोष्ट: चेंडू जाळी ओलांडायच्या आत वळा

सगळ्या भागातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. चेंडू फोरहँडला येतोय हे कळलं, की तो जाळी ओलांडायच्या आत तुमचे खांदे वळलेले असले पाहिजेत. कोच ओरडतात ना, 'लवकर, लवकर!' लवकर म्हणजे नेमकं केव्हा, याचं उत्तर ती जाळी आहे. टप्पा ही खूप उशिराची खूण आहे.

वळायचं कसं? आता येतो डावा हात. वाट बघताना डावा हात रॅकेटच्या गळ्यावर ठेवा, म्हणजे दांडी संपून जाळी सुरू होते तिथे. वळताना तो सोडायचा नाही. दोन्ही हातांनी धरलेली रॅकेट आणि खांदे असं सगळं एकत्र उजवीकडे फिरवायचं, ताट हातात धरून वळल्यासारखं. डावा हात सोडला नाही, तर खांदे आपोआप वळतात, वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. तपासायचं असेल तर बघा: डावा खांदा जाळीकडे, छाती बाजूच्या कुंपणाकडे. त्यानंतर डावा हात सुटतो, पण लोंबत नाही. तो छातीसमोर आडवा राहतो आणि शरीराचा तोल सांभाळतो.

तुमच्यापैकी काहींनी बालेवाडीला २०१८ ते २०२३ मध्ये झालेली महाराष्ट्र ओपन प्रत्यक्ष पाहिली असेल. बाकीचे मोबाइलवर सामने बघतच असतील. पुढच्या वेळी पाच मिनिटं चेंडू बघूच नका. एकाच खेळाडूचा डावा हात बघा, आणि चेंडू जाळीवर असताना त्याचे खांदे कुठे आहेत ते बघा. वेगवेगळ्या खेळाडूंची रॅकेट मागे न्यायची पद्धत वेगळी, शेवट वेगळा. या दोन गोष्टी मात्र जवळपास सगळ्यांच्या सारख्या दिसतील.

तिसरी गोष्ट: चेंडू पुढे गाठा

'पुढे' म्हणजे किती पुढे? कोर्टच्या कुंपणाजवळ जा. खांबाला रॅकेटची जाळी टेकवा आणि फोरहँड मारताना ढकलतो तसं ढकला. आधी रॅकेट कंबरेच्या बाजूला ठेवून ढकला, हात थरथरेल. मग एकेक वीत पुढे येत जा. एका जागी अचानक जाणवेल की आता पूर्ण अंग मागे उभं आहे, खांब हलेल इतका जोर येतोय. तीच तुमची चेंडू गाठायची जागा. बहुतेकांना ती वाटते त्यापेक्षा बरीच पुढे निघते.

ही जागा ग्रिपवर थोडी अवलंबून असते. रॅकेटच्या दांडीला आठ सपाट बाजू असतात. रॅकेटची कड वर करून धरा. वरच्या बाजूला एक नंबर द्या आणि घड्याळाच्या काट्यासारखं मोजत जा. तर्जनीचा मुळाचा सांधा तीन नंबरवर आला की ती ईस्टर्न ग्रिप, साधारण शेकहँड केल्यासारखी. चार नंबरवर आला की सेमी-वेस्टर्न. ईस्टर्नला चेंडू थोडा कमी पुढे चालतो, सेमी-वेस्टर्नला जास्त पुढे हवा. २००९ च्या यूएस ओपन फायनलमध्ये फेडररला पाच सेटमध्ये हरवणाऱ्या डेल पोत्रोचा तो तोफेसारखा फोरहँड ईस्टर्न ग्रिपचा. नादालचा सेमी-वेस्टर्नचा. दोन्ही चालतात. बॅडमिंटनवाल्यांची पकड मात्र बरेचदा दोन नंबरवर असते. तिनं रॅकेटचं तोंड वर राहतं आणि चेंडू उडतो. आपण दोन नंबरवर तर नाही ना, एवढं आज नक्की तपासा.

टॉपस्पिनबद्दलचा एक गैरसमज

'चेंडूवरून मनगट गुंडाळा, मग टॉपस्पिन येतो' असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असणार. हिशोब बघा. चेंडू तारांना चिकटून असतो तो फक्त चार ते पाच मिलिसेकंद. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले चार-पाच. तेवढ्यात गुंडाळायला वेळच नसतो. तुम्ही मनगट फिरवायला लागता तोवर चेंडू निघूनही गेलेला असतो.

टॉपस्पिन येतो तो रॅकेटच्या वाटेमुळे. रॅकेट चेंडूच्या खालून येते, तोंड जवळपास उभं ठेवून चेंडूला लागते आणि वर जाते. खालून वर घासलं गेल्यामुळे चेंडू पुढच्या दिशेनं गरगर फिरतो, आणि असा फिरणारा चेंडू हवेतून जाताना खाली ओढला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. त्याचा फायदा साधा आहे. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच, खांबांजवळ १.०७ मीटर. टॉपस्पिन असला तर चेंडू जाळीच्या मीटरभर वरून नेला तरी तो बेसलाइनच्या आत पडतो. म्हणजे चुकायला जागा मिळते. नादालच्या फोरहँडवर मिनिटाला सरासरी ३२०० च्या आसपास फेरे मोजले गेलेत. आपल्याला तेवढे नकोत, थोडेसे पुरे.

आणि नादालसारखा डोक्यावरून रॅकेट फिरवून शेवट करू नका बरं का. तो वेगळ्या जोराचा, वेगळ्या सरावाचा शेवट आहे. तुमची रॅकेट चेंडू मारून डाव्या खांद्यापाशी आली आणि डाव्या हातानं ती पकडली, की झालं.

मग जोर कुठून आणायचा?

गोफण पाहिलीय का? ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला वापरतात ती. गोफण फिरवणाऱ्याच्या दंडाकडे बघाल तर तो काही पैलवान नसतो. पाय रोवलेले, कंबर फिरते, खांदा फिरतो, हात मागून येतो, आणि शेवटची दोरी तर एकदम सैल. दोरी ताठ असती तर दगड गेलाच नसता.

फोरहँड तसाच. जोर जमिनीपासून निघतो: उजवा पाय, मग कंबर, मग खांदा, मग हात, आणि सगळ्यात शेवटी रॅकेट. हात आणि मनगट ही गोफणीची दोरी आहे. पकड एक ते दहा मोजली, आणि दहा म्हणजे गच्च मूठ, तर चेंडूची वाट बघताना ती तीन-चारच्या वर नको. आता गंमत बघा. आधी वळलेला माणूसच सैल राहू शकतो. उशीर झाला की घाई, घाई झाली की मूठ गच्च. म्हणून 'हात सैल सोड' हा सल्ला एकटा कधीच लागू पडत नाही. आधी वेळ मिळवावा लागतो.

मोबाइल हाच तुमचा पंच

कोर्टवर आपल्याला काय वाटतं आणि खरं काय होतं, यात खूप फरक असतो. 'मी तर लवकरच वळते' असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून शूट करा. फोन बाजूच्या कुंपणाशी, बेसलाइनच्या रेषेत, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा. स्लो मोशन चालू करा. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमची सोय असते. २४० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेम साधारण चार मिलिसेकंदांची, म्हणजे चेंडू तारांना जितका वेळ चिकटतो तितकीच! त्यामुळे चेंडू लागण्याचा क्षण तुम्हाला एखाद्या फ्रेममध्ये पकडता येतो. नेहमीच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो बहुतेक वेळा निसटतो.

वीस फोरहँड शूट करा आणि फक्त तीन गोष्टी बघा. एक, चेंडू जाळीवर असताना डावा हात रॅकेटवर आहे का आणि खांदे वळलेत का. जाळी चौकटीत येत नसेल तर समोरच्याच्या फटक्याचा आवाज ऐका, त्यानंतर अर्ध्या सेकंदात तुम्ही वळलेले दिसायला हवेत. दोन, चेंडू पोटाच्या पुढे लागतोय की बाजूला. तीन, चेंडू लागताना डोकं स्थिर आहे का. फेडररचे फोटो आठवा, चेंडू तारांवरून सुटलेला असतो तरी चेहरा तिथेच असतो. रीलसाठी शूट करायचं तर वेगळं करा, इथे आपण कसे दिसतोय याला महत्त्व नाही.

एका तासाचं काय करायचं?

पहिली दहा मिनिटं दोघांनी सर्व्हिस लाइनवर उभं राहून हळूहळू खेळा. जोर शून्य, फक्त चेंडू पुढे गाठायचा.

पुढची पंधरा मिनिटं स्वतःच चेंडू टाका. आधीच वळून उभं राहा, डाव्या हातानं चेंडू पुढे सोडा, टप्पा घेऊ द्या आणि मारा. इथे उशिराला जागाच नाही, त्यामुळे चांगला फोरहँड अंगात कसा वाटतो हे कळतं.

मग वीस मिनिटं जोडीदारानं चेंडू द्यायचे आणि तुम्ही मोठ्यानं तीन शब्द बोलायचे. समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागला की 'वळ', तुमच्या बाजूला पडला की 'टप्पा', मारताना 'मार'. टिमथी गॅलवे यांनी १९७४ च्या 'द इनर गेम ऑफ टेनिस'मध्ये टप्पा आणि फटका या दोन वेळी शब्द उच्चारायचा सराव सांगितलाय. आपण त्याच्या आधी 'वळ' जोडलंय. शेजारच्या कोर्टवरचे हसतील, हसू देत. तोंडातून 'वळ' आणि 'टप्पा' एकदमच निघाले, की समजायचं उशीर झाला.

शेवटची पंधरा मिनिटं पॉइंट खेळा. नाहीतर मजा काय!

कोर्ट नसेल तेव्हा भिंतही चालते, पण भिंत चेंडू फार लवकर परत देते. थोडं मागे उभं राहा आणि दोन टप्पे पडू द्या. आणि घरी आरशासमोर चेंडूशिवाय रोज वीस वेळा नुसतं वळा. ट्यूबलाइट सांभाळून.

दुखत असेल तर

दुखत असेल तर ताणून खेळू नका. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, ते जास्त करून बॅकहँडशी जोडलं जातं. उशिरा मारलेल्या, मनगटी फोरहँडचा ताण बरेचदा आतल्या बाजूला आणि मनगटावर येतो. दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं जात नसेल, किंवा साधी बाटली उघडताना कळ येत असेल, तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. यूट्यूबवर इलाज शोधत बसू नका. भिजलेले जड चेंडू आणि हाताच्या मापाची नसलेली ग्रिप, हेही तपासा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिले दोन-तीन आठवडे फोरहँड सुधारलाय असं वाटणार नाही. उलट जोर कमी झाल्यासारखा वाटेल, जुने फटके चुकतील, ग्रुपमधला एखादा म्हणेल की आधीचंच बरं होतं. त्या दिवसांत स्कोअर मोजू नका. वीस फोरहँडपैकी किती वेळा जाळीच्या आत वळलो, तेवढंच मोजा. आज सात, पुढच्या रविवारी अकरा, असं चालेल.

तर गृहपाठ काय? वीस फोरहँडचा व्हिडिओ, आणि तो आकडा. आकडा मला कळवा, व्हिडिओ स्वतःकडेच ठेवा. पुढच्या भागात दोन हातांचा बॅकहँड घेऊ. तोवर पाणी भरपूर प्या, आणि चेंडू जाळीवर दिसायच्या आत वळा. भेटूच!